धर्माचं अन्न

"उठा. हे धर्माचं अन्न आहे. पोरांसाठी आहे, पोरांच्या बापांसाठी नाही."

बोर्डिंगचे रेक्टर हे माझ्या वडिलांना म्हणाले. भरल्या पंगतीत. आबांनी पहिला घास नुकताच तोंडात घातला होता. तो तसाच तोंडात धरून ते उठले. बाहेर नळावर जाऊन हात धुतला.

मी बसून राहिलो. चाळीस पोरं बघत होती, म्हणून मान खाली घालून ताटातलं सगळं संपवलं. रेक्टरपेक्षा मला स्वतःचाच राग जास्त येतो, अजूनही येतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सोलापुरात कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. शेतकऱ्यांच्या गरीब मुलांसाठी शेतमाल विकून देणाऱ्या एका अडत्या शेठनं बोर्डिंग बांधलं होतं, तिथं राहायचो. आबा मंगळवेढ्याकडून ज्वारी घेऊन मार्केट यार्डात आले होते. पहाटेपासून उपाशी. मीच त्यांना हाताला धरून पंगतीत बसवलं होतं.

जेवून बाहेर आलो तर आबा लिंबाखाली बसले होते. खिशातून ज्वारीच्या विक्रीची हिशोबपट्टी काढून म्हणाले, वाचून दाव. त्यांना अक्षर येत नव्हतं.

वाचली. अडत, हमाली, तोलाई. खाली नमुना, म्हणजे माल बघायला म्हणून काढून घेतलेली ज्वारी. त्याच्याखाली धर्मादा. आणि पट्टीच्या डोक्यावर तेच नाव, जे बोर्डिंगच्या दारावर संगमरवरात कोरलं होतं.

"धर्मादा कशाचा, आबा?"

"दरसाली कापत्यात की. शेटचं बोर्डिंग हाय न्हवं, त्येच्यासाटी म्हणं."

ज्याच्या पैशाचं अन्न होतं, त्यालाच उठवलं होतं. आणि उठवताना धर्म सांगितला होता.

आबांना गाडीत बसवायला यार्डापर्यंत गेलो. फाटकाशी बाजार समितीचा पत्र्याचा फलक होता. कायद्यानं काय काय कापता येतं ते लिहिलेलं, आणि शेवटी, याखेरीज शेतकऱ्याकडून काहीही कापण्यास मनाई आहे. वरच्या यादीत नमुना नव्हता. धर्मादा नव्हता. आबा वर्षानुवर्षं त्या फलकाखालून बैलगाडीनं, ट्रकनं गेले होते. मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

"हे इतक्या सालात कुनी सांगितलं न्हाय," आबा म्हणाले.

संध्याकाळच्या पंगतीत जेवणाआधी शेठजींचे आभार मानायची पद्धत होती. एकानं सांगायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. त्या आठवड्यात माझी पाळी होती. उभा राहिलो आणि म्हणालो, "हे अन्न आमच्या बापांच्या ज्वारीतनं कापलेलं हाय." मागून कुणी म्हटलं नाही. मी जेवलो नाही.

सकाळी रेक्टरनी कागद पुढं केला. माफी लिहून दे, नाहीतर ट्रंक उचल. खोली गेली तर कॉलेज गेलं, हे त्यांना माहीत होतं, मलाही होतं. मी कागद घेतला. त्यावर बाजार समितीच्या सचिवांना अर्ज लिहिला. नमुना आणि धर्मादा बेकायदा कापल्याबद्दल. रेक्टरना वाचून दाखवला, घडी घालून खिशात ठेवला आणि ट्रंक उचलली.

अर्जाचं काय झालं? पुढच्या सुगीला आबांच्या पट्टीवर धर्मादा नव्हता. 'इतर खर्च' होता. रक्कम तेवढीच.

तेव्हापासून ज्वारीच्या हंगामात मी यार्डाच्या फाटकाशी, त्या फलकाखाली पोतं अंथरून बसतो. येईल त्याची पट्टी मोठ्यानं वाचतो. जे फलकावर नाही त्याच्यावर लाल रेघ मारतो आणि त्याच माणसाबरोबर कापलेले पैसे मागायला परत अडत्याच्या पेढीवर जातो. अडत्यांची माणसं येतात. हितनं उठ म्हणतात.

एका पंगतीत मी भिऊन बसून राहिलो होतो. इथं मी भिऊन बसलेलो नाही. उठणार नाही.