माझंच इंग्रजी

रेवसच्या धक्क्यावरून लाँच सुटली तेव्हा आयनं हात हलवला नाही. पदर तोंडाशी धरून नुसती उभी होती. बा माझ्याबरोबर भाऊच्या धक्क्यापर्यंत आला. मासळी घेऊन तो तिथं जन्मभर गेलेला; त्या दिवशी त्याच्या डोक्यावर माझी बॅग होती. मी विमानतळाच्या टॅक्सीत बसताना म्हणाला, "कुनी इचारलं तर सांग, कोल्याची पोर हाय. मान खाली घालू नको."

मुंबईच्या कॉलेजात ते विचारलं जायचं. आडनाव ऐकून बाकावर सरकून बसणाऱ्या मुली मी पाहिल्या होत्या. इंग्लंडात जात कोण विचारणार, या आशेवर मी विमानात बसले. खरंच कुणी विचारली नाही. तिथं चेहराच पुरत होता. प्रोजेक्टसाठी गट पडायचे, तेव्हा शेवटी आम्ही दोघीच उरायचो, मी आणि नायजेरियाहून आलेली चिओमा.

चिओमाच्या घरात सगळे इंग्रजीच बोलत. मी मराठी शाळेतली. माझं इंग्रजी लायब्ररीत बसून, घरी मोठ्यानं वाचून कमावलेलं. पहिल्याच सत्रात आमच्या प्राध्यापकांनी दोघींचे निबंध अडवले. माझा विषय होता खाडीत साचणारा गाळ. ते अगदी सौम्यपणे म्हणाले की भाषा फार सफाईदार आहे, वर्गात तुम्ही अशा बोलत नाही, तेव्हा हे दुसऱ्या कुणी किंवा एखाद्या सॉफ्टवेअरनं लिहिलेलं असावं. चौकशी होईपर्यंत मार्क राखून ठेवले. वर्गातल्या एकाही गोऱ्या मुलाला असं बोलावणं आलं नाही.

चौकशीला बसलेल्यांनी माझ्यापुढं कोरा कागद सरकवला आणि तिथंच एक परिच्छेद लिहायला सांगितला. मी लिहिला. मग विचारलं, "बाकीच्यांनाही असंच लिहायला लावता का?" त्यांनी कागद उचलून निबंधाशी ताडून पाहिला. निबंध माझाच आहे असं ठरलं. माफी कुणी मागितली नाही.

कागद पुढं आला तशी चिओमा मात्र कोलमडली. "मी माझ्या आईशी याच भाषेत बोलते," एवढंच ती सांगत राहिली. दोन ओळींपलीकडे तिला लिहिता आलं नाही. तिचा निबंध रद्द झाला. मग तिचं वर्गात येणं थांबलं. खोलीचं दारही उघडेना. मी बाहेर भाताचा डबा ठेवून यायचे, तो बऱ्याचदा तसाच असायचा. वर्ष संपायच्या आत ती मायदेशी निघून गेली.

त्यानंतर विभागाची विद्यार्थ्यांसोबत बैठक झाली. परदेशी विद्यार्थ्यांचे निकाल खाली जाताहेत, कारण त्यांची भाषा कच्ची आहे, असं तिथं सांगितलं गेलं. मी उठून चिओमाचं काय झालं ते सांगितलं. नोंद घेतो म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले.

पुढचा प्रत्येक निबंध देण्याआधी मी त्यातली चांगली वाक्यं शोधून मोडत असे. मार्क कमी पडले, पण पुन्हा बोलावणं आलं नाही. पास झाले, नोकरी लागली, तिथंच राहिले. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे तिकडे आहेत, त्यांना हे मोडणं वेगळं समजावून सांगायला नको.

गेल्या शिमग्याला घरी आले. अंगणात बा जाळं शिवत होता. मी तिकडच्या गोष्टी सांगत होते, आय ऐकत होती. मधेच म्हणाली, "पोरी, तू बोलताना अशी का थांबतेस? आमच्याशी बोलायला कसला इचार करतेस?"

मला ते ठाऊकच नव्हतं. मी आपल्या बोलीतसुद्धा प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून मगच तोंडाबाहेर काढत होते. घर म्हणजे जिथं असं तपासावं लागत नाही, असं मी वर्षानुवर्षं धरून चालले होते. आय उत्तराची वाट बघत होती. मी उत्तर जुळवायला पुन्हा थांबले.