दिवसभर डोळे भरतो

मस्कतहून सुटीवर निघाले, तेव्हा माझी अर्धी बॅग श्रावणभाऊंच्या खजुरांनीच भरली होती. श्रावणभाऊ नागपूरकडचे, संत्र्याची कलमं करणारे. तिकडे कोळशी (झाडं काळी पाडणारा रोग) आली, बागा गेल्या, मग कलमं घेणार कोण? दुसऱ्याच्या रोपवाटिकेत राबणाऱ्याचं काम सगळ्यात आधी जातं. नागपूरच्या इतवारी बाजारातल्या ओळखीच्या व्यापाऱ्याने ओमानमधली लिंबाची बाग सुचवली आणि हे गृहस्थ दोन वर्षांच्या करारावर समुद्र ओलांडून आले. चाकू लागून अंगठा पिकला, म्हणून आमच्या दवाखान्यात दाखल झाले. मी तिथे नर्स. त्यांचा हात बांधलेला, तेव्हा घरचं पत्र त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं.

महिन्याभराने उत्तर आलं, 'काम सोडून या. आमाले काही नको.' बस्स, एवढंच. माणूस हबकला. आईचं काही बरंवाईट झालं असेल आणि घरचे लपवत असतील, असं त्यांच्या मनाने घेतलं. गावात टेलिफोन नव्हता, विचारणार कसं? करार मोडला तर पुन्हा कोणी बोलावणार नव्हतं, आणि परत जाऊन स्वतःची रोपवाटिका काढायची हा एकच ध्यास घेऊन ते आले होते.

"बाई, एकदा पाहून या," ते म्हणाले. "मंग मी ठरवतो."

माझं माहेर पुण्याचं. पुण्याहून नागपूर म्हणजे काय कोपऱ्यावरचं दुकान आहे? पण त्यांचा चेहरा बघून हो म्हणून बसले.

डिसेंबरातली थंडी. नागपूरला धरमपेठेत मावशीकडे उतरले आणि सकाळी काटोलकडची एस.टी. धरली. शेजारच्या बाईने जागा तर दिलीच, वर एक संत्रं सोलून हातावर ठेवलं. 'काहून (कशाला) चालल्या?' म्हणून विचारलं, तेव्हा मी सगळी हकिगत सांगून टाकली. बाहेर अधूनमधून काळवंडलेल्या बागा दिसत होत्या. काही ठिकाणी नुसते बुंधे उरले होते.

हुशारी दाखवून मी एक थांबा आधीच उतरले. शेतातून चालताना चपलेचा अंगठा तुटला. एका बैलगाडीवाल्याने काही न विचारता बसवून घेतलं आणि श्रावणभाऊंचं नाव सांगताच थेट त्यांच्या दारात उतरवलं. मी पैसे काढले तर त्याला रागच आला.

अंगणात एक म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत होती. श्रावणभाऊंची आई, चांगली ठणठणीत! मला इतकं हायसं वाटलं की मी वाकून नमस्कारच केला. तिच्यापुढे खजूर ठेवले, तर तिने ते बाजूला सारले. लेक परत येईपर्यंत गोड सोडलंय, म्हणाली. मग माझ्याकडे रोखून बघत तिने विचारलं, "काय वं माय, अजून रडते का तो?"

मला काही कळेना. म्हातारीने आतून डबा आणला, त्यातून पत्र काढलं. अक्षर माझंच होतं. 'मी येथे सुखरूप आहे, परंतु दिवसभर डोळे भरून येतात.'

बरोबरच होतं की! श्रावणभाऊ म्हणाले होते, "दिवसभर डोळे भरतो." शाळेत निबंधाची बक्षिसं मिळवलेली मी. मला वाटलं, बिचाऱ्याचं व्याकरण कच्चं आहे. नीट करून लिहिलं.

सून कुठे आहे, मी विचारलं. म्हातारी सहज म्हणाली, मागं डोळे भरून राहिली. अगं बाई, म्हणजे हीसुद्धा रडते आहे! समजुतीचे चार शब्द जुळवत मी घाईघाईने मागे गेले.

पंचफुला, श्रावणभाऊंची बायको, जंबेरीच्या (आंबट रानलिंबाच्या) रोपांमध्ये उकिडवी बसली होती. हातात चाकू होता. रोपाच्या सालीला चीर द्यायची, संत्र्याच्या काडीवरचा डोळा (कोंब फुटतो ती बारीक गाठ) अलगद काढून त्या चिरेत बसवायचा, वर पट्टी बांधायची. की पुढचं रोप. डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता.

"काय करताय?" मी विचारलं.

"डोळे भरून राहिली."

मी तिथेच मातीत बसले. पुण्याची साडी गेली खड्ड्यात. कलम बांधण्यालाच इकडे डोळे भरणं म्हणतात! माझ्या शहाणपणापायी एका घराने महिनाभर जिवाला घोर लावून घेतला होता, आणि तिकडे एक माणूस करार मोडायला निघाला होता. मी सगळं कबूल केलं. लाजेने मान वर होत नव्हती.

पंचफुलाने चाकू खाली ठेवला. "म्हंजे ते रडत नाई?"

खोटं बोलवेना. "एकदा रडले. पत्र सांगून झालं तेव्हा."

तिने क्षणभर विचार केला. "एकदा चालते," म्हणाली, आणि अशी हसली की सासू धावत मागे आली. तिला सांगितलं, तर ती खोकला येईपर्यंत हसली.

मग पंचफुला मोकळेपणाने बोलली. चाकू नेहमी नवऱ्याच्या हातात असायचा, हिने फक्त पट्ट्या बांधायच्या. ते गेल्यावर घरच्या रोपवाटिकेची सुरुवात म्हणून हिने चाकू उचलला. बाईमाणसाचा डोळा लागणार नाही, असं लोक म्हणाले. पहिल्या खेपेला निम्मे वाळले, म्हणून रात्र रात्र झोपली नाही. आता बहुतेक सगळे फुटतात.

जेवायला भाकर, वांग्याचं भरीत आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा होता. पहिलं ताट मलाच वाढलं. ज्या घराला मी घोर लावला त्या घराने मला एका शब्दाने टोचलं नाही, हे मी जन्मात विसरणार नाही. उठताना म्हातारीने गुपचूप एक खजूर तोंडात टाकला. पंचफुलाने मला पत्र सांगितलं आणि मी कानामात्रा न बदलता लिहिलं. निघताना संत्र्यांची टोपली दिली. ती मी पुण्यापर्यंत मांडीवरून आणली.

मस्कतला परतल्यावर श्रावणभाऊंना आधी आईची खुशाली सांगितली, मग माझी चूक. ते पोट धरून हसले. नंतर त्यांनी पत्र उघडून हळूहळू वाचलं. 'दोन वर्ष पुरे करूनच या. मी बी दिवसभर डोळे भरून राहिली.'

"बाई," ते म्हणाले, "हे कोनते डोळे?"

"तिने सांगितलं तेच लिहिलंय."

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. पत्राची घडी घालून खिशात ठेवली.

"मंग दोनी असतीन," म्हणाले, आणि बागेकडे निघाले.