साबणकाकूंचा पेरू

साबणकाकूंच्या नाकाला भवानी पेठेतली आमची अख्खी गल्ली वचकून असायची. मी नवी सून म्हणून तिथे राहायला गेले आणि पहिल्याच आठवड्यात माझं दूध उतू गेलं. सासूबाई देवळातून यायच्या आत मी शेगडी पुसली, वर उदबत्ती लावली. खालच्या खोलीतून काकूंचा आवाज आला, "सुमे, उदबत्तीनं सासू फसंल. मी न्हाय फसत." शेजारच्या पद्मक्काच्या नवऱ्याने तंबाखू सोडल्याचं जाहीर केलं, तेव्हा काकू त्याच्या जवळून एकदाच गेल्या आणि पद्मक्काला म्हणाल्या, "शर्टाचा खिसा धू त्येचा आधी." तो बिचारा त्यानंतर महिनाभर काकूंचं दार चुकवून जात होता.

काकूंचे यजमान टॉवेलच्या कारखान्यात होते, ते लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. जेऊरचा भाऊ दरवर्षी न्यायला यायचा आणि दरवर्षी एकटाच परत जायचा. काकू त्याला चहा द्यायच्या, भाकरी बांधून द्यायच्या आणि सांगायच्या, "भावजयीच्या चुलीपाशी बसून तिचं तोंड बघायला मी येत न्हाय. हितं माझी मी हाय." हे 'माझी मी' उभं होतं ते साबणावर आणि मेणबत्त्यांवर. एक खोली, एक गॅस, दोन पातेली, रबराचे साचे आणि फळीवर फळांच्या वासाच्या तेलाच्या बाटल्या. आंबा, पेरू, संत्रं, अननस, स्ट्रॉबेरी. काम सुटलं की जेऊर, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि आम्हालाही.

बाटलीतलं तेल तसंच ओतलेलं काकूंना चालायचं नाही. साबणाचा बेस वितळवायचा, खाली उतरवायचा, वर पातळ साय धरेपर्यंत थांबायचं आणि मग थेंब थेंब तेल. "कढत असताना घातलं की वास उडून शेजारच्याच्या घरी जातो," असं त्या म्हणायच्या. आंब्याचं तेल त्यांना अजिबात पसंत नव्हतं. "ह्यो आंबा न्हाय, आंब्याची गोळी हाय," म्हणत त्या त्यात लिंबाच्या तेलाचे दोन थेंब टाकायच्या, मग कुठे देठापाशी चीक असलेला आंबा समोर आल्यासारखा वाटायचा. स्ट्रॉबेरीवर मात्र त्यांनी कधी मेहनत घेतली नाही. ती आपल्याकडची नव्हे, पोरांना लाल रंग दिसला की पुरे, असं त्यांचं मत होतं.

वासाला त्यांच्याकडे चार शब्द होते: कच्चा, गाभुळला, पिकला, उतरला. पिकला की हात थांबवायचा. एक थेंब पुढे गेला की फळ उतरतं आणि मग ते डोक्यात जातं. मेणबत्तीतही तेच. तेल जास्त झालं की मेण ते धरत नाही, वरून घाम सुटतो. "वासानं माणसाच्या आधी घरात शिरू ने," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी बालवाडीत शिकवायचे, दुपारी घरी आले की त्यांच्या दारात बसायचे आणि त्या कागदाची पट्टी माझ्या नाकाशी धरून विचारायच्या, "कुटवर आला?" मी गाभुळला म्हटलं की त्या मान हलवायच्या, "तुजं नाक अजून बालवाडीतच हाय."

मग तो ताप आला. घरोघर आला तसा काकूंनाही आला आणि पंधरा दिवसांत गेला. जाताना नाक घेऊन गेला. पहिले काही दिवस त्या हसण्यावारी नेत होत्या. मग एका सकाळी मी खाली गेले तर पातेल्यात डाळ जळून कोळसा झालेली, खोलीभर धूर, आणि काकू दोन हातांवर शेंगा सोलत बसलेल्या. त्यांना पत्ताच नव्हता. मी गॅस बंद केला तेव्हा त्या पातेल्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सुमे, हे कुणाला बोलू नगंस. भावाच्या कानावर गेलं तर उद्याच्या गाडीनं येतोय त्यो."

त्यानंतर त्या माउलीने काय करायचं बाकी ठेवलं? संत्रं विस्तवावर काळं होईस्तोवर भाजून खाल्लं. ओव्याची पुरचुंडी नाकाला लावून लावून नाक सोललं. तपकीर ओढली, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, वास नाही. डॉक्टर म्हणाले, वाट बघा, रोज चार वास हुंगा, येईल कदाचित. काकू रोज सकाळी आंघोळ करून फळीसमोर बसायच्या, एकेक बाटली उघडायच्या, डोळे मिटायच्या. पूजेलाही इतका वेळ त्या कधी बसल्या नव्हत्या. दिवसातून तीन तीनदा अंगावर पाणी घ्यायला लागल्या, कारण आपल्या अंगाला वास येतोय की काय हे त्यांना कळेना. मला सारखं विचारायच्या आणि मी नाही म्हटलं तरी त्यांचा विश्वास बसायचा नाही.

एके दिवशी त्या धावत वर आल्या. "आला गं, आंबा आला." मी म्हटलं, बघू, डोळे मिटा. कापसाचा बोळा मी मुद्दाम कोरडाच धरला. काकूंनी छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाल्या, "आंबा." त्यांचा चेहरा असा काही उजळला होता की माझी जीभ उचलेना. मी म्हटलं, "हो काकू, आंबाच." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच साध्या चहात रॉकेल पडलंय की काय ते मला विचारलं, नाकाला भलतेच भास होतायत हे त्यांचं त्यांनाच कळलं, आणि तो विषय आपोआप मिटला. पण खोटं बोलणं किती सोपं असतं ते मला त्या दिवशी कळलं, आणि ते कळायला नको होतं.

तेव्हापासून काकूंचे हात आणि माझं नाक असा कारभार सुरू झाला. पट्टी माझ्या नाकाशी, काकूंची नजर माझ्या तोंडाकडे. मी कच्चा म्हटलं की चार थेंब, गाभुळला म्हटलं की दोन, पिकला म्हटलं की ड्रॉपर खाली. जवळजवळ वर्षभर असं चाललं आणि गल्लीत कुणाला सुगावा लागला नाही. उलट पद्मक्का म्हणाली की काकूंचा पेरू हल्ली जास्त छान लागतोय. काकूंनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू. बालवाडीतल्या नाकाची बढती झाली होती.

संक्रांतीला पद्मक्काने हळदीकुंकवासाठी पेरूच्या वासाचे साठ साबण सांगितले. वाण म्हणून लुटायला. नेमकं त्याच आठवड्यात मला सर्दी झाली. साधीसुधी नाही, नाक ठार बंद. आणि साबण ओतायच्या दिवशीच मला बार्शीला जायचं होतं, मामेबहिणीच्या डोहाळजेवणाला, अकराची गाडी होती. काकूंनी पट्टी धरली. मला कसलाच वास आला नाही. तेव्हा म्हणायला हवं होतं, काकू, नाक बंद आहे, परवा करू. पण परवा म्हणजे मी बार्शीला, आणि वाण हवं होतं मी परत यायच्या आधी. शिवाय नाक बंद आहे म्हटलं तर काकू घाबरतील असंही मी स्वतःला समजावलं. खरं कारण गाडी होती. मी म्हटलं, "कच्चा." त्यांनी थेंब टाकले. पुन्हा पट्टी. "अजून कच्चाच." पुन्हा. चौथ्यांदा काकूंनी पातेल्याला बोट लावलं. "सुमे, हाताला तेलकट लागतंय गं." मी पिशवी उचलत म्हटलं, "थंडीमुळे असेल. आता पिकला, ओता." काकूंनी स्वतःच्या बोटापेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला आणि ओतलं.

पद्मक्काने पिशव्या आदल्या दिवशीच भरून ठेवल्या. एका पिशवीत एक साबण आणि वर तिळगुळाचे दोन लाडू. सगळ्या लाडवांनी पेरू ओढून घेतला. घराघरांत पोरांनी लाडू तोंडातून थुंकले, कुणाच्या सासूबाईंना उलट्या झाल्या, कुणाचे हात साबणाने लाल झाले. मी बार्शीहून परत आले तेव्हा काकूंच्या दारात सात-आठ बायका पिशव्या घेऊन उभ्या होत्या. पद्मक्का पुढे. "काकू, चौकापासून वास मारतंय हे." काकूंनी एक साबण उचलला, सवयीने नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "न्हाय गं, पेरू तर बेताचाच हाय की."

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग पद्मक्काची नजर माझ्याकडे वळली, कारण मी रोज तिथे बसते हे तिला माहीत होतं. ती मला काही विचारणार, एवढ्यात मीच बोलून गेले. "काकूंना वास येत नाही. वर्ष झालं."

हे मी का बोलले याची मी हजार कारणं शोधली आहेत. बायकांना कीव यावी म्हणून, भांडण मिटावं म्हणून. सगळी झूट. माझ्यावर यायच्या आत मी ते काकूंवर ढकललं. काकूंनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, नुसतं बघितलं. मग साबण खाली ठेवला आणि म्हणाल्या, "व्हय. न्हाय येत. थेंब मोजताना चुकले आसंन मी." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. तोंड उघडायला मला अजून वेळ होता. मी उघडलं नाही.

त्यानंतर काकूंकडे कुणी साबण-मेणबत्त्या सांगितल्या नाहीत. बायका वाईट नव्हत्या. भाजी आणून द्यायच्या, चौकशी करायच्या, गॅस बंद आहे ना ते बघून जायच्या. पण साबण दुसरीकडून आणायच्या. होळीच्या आत भाऊ आला आणि या वेळी काकूंनी त्याला चहासुद्धा केला नाही, नुसती पिशवी भरली. बाटल्या पद्मक्काच्या पोरींना वाटून टाकल्या. मी स्टेशनवर गेले होते. काकू खिडकीपाशी बसल्या, पदर नाकापर्यंत ओढून, आणि गाडी हलेपर्यंत भावाला विचारत होत्या, घाम आलाय का मला, वास येतोय का.

गेल्या आषाढात काकू जेऊरलाच वारल्या. त्याच्या तीन आठवडे आधी त्यांचा फोन आला होता. मागे भावजयीच्या भांड्यांचा आवाज येत होता. काकू हळू आवाजात बोलत होत्या. म्हणाल्या, "सुमे, एक बोलायचं राहिलं हुतं. तवा पेरू माझ्याच हातनं बिघडला. तू कच्चा म्हणालीस ते बरोबरच आसणार, तुजं नाक चांगलं हाय. मी बाटलीच दुसरी उचलली आसंन. तू उगं मनाला लावून घिऊ नगंस."

मी म्हटलं, "नाही लावून घेत, काकू." आणि जेवलात का, ते विचारलं.