दोनदा ओरडलेला आकडा

आलापल्लीच्या मैदानावर निवासी क्रीडाशाळेची निवड चाचणी असली की लांब उडी मोजायला इथल्या शाळेचे एक गुरुजी ठरलेले, नोंद करायला मी. आकडा दोनदा ओरडणार, मगच मला लिहू देणार. माणूस जरा कोरडाच.

यंदा त्यांची पुतणी उडी मारायला आली, तशी त्यांनी टेप माझ्या हाती दिली आणि सागाच्या झाडांकडे तोंड करून उभे राहिले. त्यांच्या भिडेखातर मी चार बोटं वाढवून सांगितली.

ते पाठमोरेच म्हणाले, "सर, घरी रोज मीच मोजतो तिची उडी. एवढी जात नाई ते. पुन्हा मोजा."

खरा आकडा मी पुटपुटलो. निवडीला दोन बोटं कमी पडत होती.

गुरुजींनी तो नेहमीसारखाच ओरडून सांगितला. दोनदा.