साडी, नारळ आणि असलाच तर हक्क

आमच्या घराण्यात बहिणीनं माहेरच्या घरावरचा हक्क सोडला की भाऊ तिला साडी घेतो आणि वहिनी तिची ओटी भरते. माझ्या तिन्ही आत्यांनी साताऱ्याच्या घराचं हक्कसोडपत्र असंच करून दिलं होतं. त्यातल्या धाकट्या आत्याची साडी पहिल्याच धुण्यात आटली, आणि त्याबद्दल ती शेवटपर्यंत कुरकुरत राहिली. घराबद्दल मात्र तिनं चकार शब्द काढला नाही.

माझी पाळी गेल्या वर्षी आली. आमचं घर साताऱ्याला नाही, कोलकात्यात बेहालाला आहे. बाबा नोकरीसाठी इकडे आले, परत जाऊ, परत जाऊ म्हणत राहिले आणि शेवटी गल्लीच्या टोकाला जमिनीचा तुकडा घेऊन त्यावर दोन मजले चढवून मोकळे झाले. आधी बाबा गेले, मग आई. मृत्युपत्र दोघांनीही केलं नव्हतं, त्यामुळे घर आम्हा दोघा भावंडांचं झालं, दादाचं आणि माझं निम्मं निम्मं. दादा तिथेच राहतो. त्याला वरचा मजला नीट करून घ्यायचा होता, आणि सगळं एका नावावर असलं की महापालिकेतले हेलपाटे वाचतात असं कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. मी लगेच हो म्हटलं. डमडमला माझं स्वतःचं घर आहे, आणि तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवल्यावर जमिनीचा मोह तसाही सुटतो.

इथपर्यंत सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं. मग वकिलांनी मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला.

आपलं हक्कसोडपत्र म्हणजे इथला नादाबी दलील. नाव काहीही असो, कागद इंग्रजीत होता, आणि कागद इंग्रजीत असला की मी लाल पेन घेऊन बसते. स्वल्पविराम सुधारत सुधारत पाचव्या परिच्छेदाला आले आणि थांबले. तिथे लिहिलं होतं, की सदर घरात माझा काही हक्क असलाच तर तो मी भावाला सोडून देते, आणि असा हक्क मला होता याची कोणतीही हमी देत नाही.

असलाच तर! माझं डोकंच फिरलं. मी दादाला फोन लावला.

"असलाच तर म्हणजे काय रे?"

"अगं, वकिलांची भाषा आहे ती. सगळ्यांच्या कागदात असते."

"सगळ्यांनी स्लॅबला पाणी मारलं होतं का?"

हे आमचं जुनं भांडण. वरच्या मजल्याचा स्लॅब ओतला तेव्हा मी सातवीत होते, दादा दहावीत. तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ स्लॅबवर पाणी घालायचं काम बाबांनी आम्हा दोघांना वाटून दिलं होतं. दुसऱ्याच दिवशी दादाचा पाय मुरगळला. क्रेप बँडेज बांधून तो खाटेवर पडून राहिला, आणि मी हापशीवरून बादल्या भरून कठडा नसलेल्या जिन्यानं वर नेत राहिले, शाळेच्या आधी आणि शाळेच्या नंतर. बँडेज कधी उजव्या पायाला असायचं, कधी डाव्या. हे मी आईला सांगितलं, बाबांना सांगितलं, वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिलाही सांगितलं. दादानं आजवर ते कबूल केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वकिलांनाच गाठलं. त्यांनी मला बिस्किटं दिली आणि समजावलं, "दीदी, यात तुमचंच संरक्षण आहे. उद्या कोणी तिसरा उपटला आणि म्हणाला, जमीन माझी, तर तुमच्यावर काही येणार नाही. तुम्ही जबाबदार नाही."

"पण मला जबाबदार राहायचंय," मी म्हटलं.

असं म्हणणारी बाई त्यांना बहुधा पहिल्यांदाच भेटली असावी. त्यांनी आणखी एक बिस्किट पुढे केलं. कागद बदलला नाही.

खरं सांगते, मला घर नको होतं. एक खोली नको, एक खिडकी नको. पण जे माझं होतं ते मी दिलं, एवढं तरी कुठेतरी असायला हवं होतं. जे बहुधा माझं नव्हतंच ते दिलं, तर मग मी दिलं काय? दोन दिवस मी भांडी आपटत होते. तरीही ठरल्या दिवशी दोन मेट्रो आणि एक ऑटो करून नोंदणी कचेरीत वेळेवर पोचले, कारण उशिरा जाणं मला जमत नाही.

वहिनी माझ्याही आधी येऊन बसली होती. ती सोलापूरची, कोलकात्यात तीस-पस्तीस वर्षं काढूनही अजून सोलापूरचीच. "वन्सं, सही व्हायच्या आत ओटी भरायला हवी," म्हणत तिनं कचेरीच्या बाकावरच मला कुंकू लावलं आणि पदरात तांदूळ, नारळ, खण आणि मोरपिशी इरकल साडी घातली. रांगेतले लोक माना वळवून बघत होते. तेवढ्यात आमचा पुकारा झाला. मी तशीच, नारळ सांभाळत, आत गेले.

अधिकारी तरुण होते. त्यांनी माझा फोटो काढून घेतला, बोटांचे ठसे घेतले आणि ठरलेला प्रश्न बंगालीत विचारला, याच्या बदल्यात तुम्हाला काही मिळालं का?

"हो," मी म्हटलं, "साडी. आणि नारळ."

वकिलांनी कपाळावर हात मारला. कागदात स्पष्ट लिहिलं होतं, कोणताही मोबदला न घेता. पण विचारलं तर खरं सांगायचं, ही सवय जायची कशी? अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा नारळाकडे.

दादा घाईघाईनं पुढे झाला. "मोबदला नाही हो, ही आमची रीत आहे. आमच्यात बहीण आपला वाटा भावाला देते, म्हणून भाऊ तिला साडी देतो."

"वाटा?" अधिकाऱ्यांनी पाचव्या परिच्छेदावर बोट ठेवलं. "इथे तर लिहिलंय, असलाच तर. मग साडी कशाबद्दल?"

मी काहीच बोलले नाही. मुद्दाम. आयुष्यात मी इतकी गप्प क्वचितच बसले असेन.

दादानं वकिलांकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याचे कान लाल झाले होते. दहावीतही असेच व्हायचे.

"छिलो," तो म्हणाला. "अर्धेक बाडी ओरई छिलो." होता. अर्धं घर तिचंच होतं.

अधिकाऱ्यांनी मान डोलावली. रीत ती रीत, म्हणाले, आणि पेन उचललं. काम झालं होतं. पण दादा तिथून हलेना.

"आणि स्लॅबला पाणी हिनंच घातलं," तो त्यांना बंगालीतच म्हणाला. "एकटीनं. माझा पाय मुरगळलाच नव्हता."

अधिकाऱ्यांना यातलं ओ की ठो कळलं नाही. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. पाचवा परिच्छेद होता तसाच होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून ते घाबरून म्हणाले, कोणाची जबरदस्ती आहे का? नको असेल तर सही करू नका.

मी नारळ दादाच्या हातात दिला आणि प्रत्येक पानावर सही केली.