मंगळवारी दहा वाजता

चिकटपट्टी हे नाव तिला तिच्याच कचेरीतल्या शिपायानं दिलं आणि तिनं ते कौतुक म्हणून घेतलं. एखाद्या घराला ती चिकटली की सुटत नसे. अडचणीतल्या कुटुंबांना मदत मिळवून देणं हे तिचं काम, आणि मदत देणाऱ्या खात्यांची तोंडं तीन दिशांना. दवाखान्याला शाळेची खबर नाही, शाळेला सरकारी खोल्या देणाऱ्या घरांच्या कचेरीचा पत्ता नाही. वर्षभर सगळ्यांच्या मानगुटीवर बसून तिनं एक गोष्ट करून घेतली: अशा कुटुंबांसाठी तिघांनी एकच वार राखायचा, मंगळवार. आणि त्यांना ताटकळत न ठेवता सगळ्यांत आधी घ्यायचं. या मंगळवाराचा तिला केवढा अभिमान! कचेरीत पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला मंगळवार पाजला जाई.

म्हणून इस्त्रीवालीचं प्रकरण तिच्या जिव्हारी लागलं. बाई एकटी, पदरात दोन मुली, धाकटीला दमा आणि खोलीच्या भिंतींना ओल. दवाखाना म्हणे, तपासणीला येत नाही. शाळा म्हणे, थोरलीबद्दल बोलायला बोलावलं तर फिरकत नाही. घरांची कचेरी म्हणे, खोली बदलून मागते आणि बोलावलं की गायब. तिघांचं एकमत झालं: आई बेफिकीर आहे, मुली बालगृहात ठेवाव्यात. तसा निर्णय घ्यायला मंगळवारी दुपारी बैठक ठरली.

त्याच सकाळी चिकटपट्टी तिला चार शब्द सुनावायला गेली. इस्त्रीवाली जिन्यातच भेटली, धाकटी कडेवर, थोरलीचा हात हातात.

"बरं झालं आलात, ताई. तुम्हीच सांगा, आज कुणाची बोलणी खाऊ?"

"म्हणजे?"

"दहाला दवाखाना, दहालाच शाळा, दहालाच घरांची कचेरी. दर मंगळवारी हेच. एकीकडे गेले की दोन ठिकाणी नाव खराब. वेळ बदलून मागितली तर म्हणतात, तुमच्यासाठीच तर सगळ्यांत आधी ठेवलंय."

चिकटपट्टी पायरीवरच बसली. वार तिचा, 'सगळ्यांत आधी' हेही तिचंच, आणि तिन्ही दारं उघडतात दहाला. करायला गेली एक आणि झालं भलतंच. तिला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग राग आला. लाजेनं काही हलणार नव्हतं, म्हणून तिनं राग धरला.

दुपारी ती आईला आणि दोन्ही मुलींना घेऊन बैठकीच्या खोलीत शिरली.

"त्यांना बाहेर बसवा," बैठक चालवणारे मोठे साहेब म्हणाले. "कुटुंबाला आत घ्यायचं नाही असा नियम आहे."

"नियमांचं मला सांगू नका, साहेब. एक मीच केला होता, त्यानंच या बाईचा घात केला." आणि तिनं सकाळचं सगळं सांगितलं, स्वतःला जराही न वाचवता.

शाळेच्या मुख्याध्यापिकेनं डॉक्टरांकडे पाहिलं. "तुम्हीही दहालाच बोलावता?"

डॉक्टरांनी मान हलवली. घरांच्या कचेरीतले गृहस्थ पाण्याचा पेला उगाच फिरवत बसले.

"चूक झाली असेल," साहेब म्हणाले. "पण बालगृहात आज जागा आहे, उद्या नसेल. मुलींना तूर्त पाठवू, वेळापत्रकाचं मग बघू."

थोरलीनं आईचा पदर घट्ट धरला.

"माझी सही मिळणार नाही," चिकटपट्टी म्हणाली. "चूक आपली आणि घर मोडायचं यांचं? नोकरी घ्यायची तर घ्या."

"तुमच्या एका सहीवाचून अडत नाही."

"मग माझीही धरू नका," डॉक्टर म्हणाले. मुख्याध्यापिकेनंही समोरचा कागद परत सरकवला. उरलेल्या गृहस्थांना एकटं पडायचं नव्हतं, त्यांनी पेन खिशात ठेवलं.

साहेबांनी सुस्कारा सोडला. "ठीक आहे. मुली आईकडेच राहतील. पण बाई, पुढच्या मंगळवारी दहाला तुम्ही इथं हजर पाहिजे."

"नाही येणार," इस्त्रीवाली म्हणाली. आवाज चढला नव्हता. "दहाला मला गिऱ्हाइकांचे कपडे पोचवायचे असतात, आजवर ते बुडवून धावत होते. तुम्हाला सगळ्यांना एका खोलीत बसता येतं, हे आज बघितलं. तसेच सगळे मिळून माझ्या खोलीवर या. ओलही बघा, पोरीची छातीही बघा. मात्र यायच्या आधी वेळ मला विचारा."

तिनं धाकटीला कडेवर घेतलं. साहेबांनी चिकटपट्टीकडे पाहिलं, ही काहीतरी समजूत घालेल म्हणून. चिकटपट्टी मायलेकींसाठी दार उघडून उभी होती.