हेगड्यांची पारखी दाढ

शिरसीच्या बाजारात तिरुमलेश्वर हेगड्यांइतक्या तुच्छतेने सुपारी चावणारा माणूस दुसरा नव्हता. शेतकऱ्याने पोतं सोडलं की हेगडे शेण उचलावं तशी दोन बोटांत एक सुपारी उचलायचे, उजव्या बाजूच्या खालच्या दाढेत धरायचे आणि कट्‌कन फोडायचे. आवाजावरून ओल कळायची, चवीवरून शिजवणी, भुगा सुटला तर कीड. बाकीचे पारखी अडकित्ता वापरायचे. "अडकित्ता बायकांच्या पिशवीत शोभतो," हेगडे म्हणायचे. तीस वर्षं वखारीतली त्यांची गादी त्या एका दाढेवर टिकून होती, आणि पोटच्या मुलांपेक्षा त्यांना तिचं कौतुक जास्त होतं.

सोललेली सुपारी उकळून जे दाट लाल पाणी उरतं ते चोगरू. ते चोळलं की मालाला झळाळी येते, त्यात काही गैर नाही. पण काही बिलंदर लोक त्याच चोगरूने किडीचं भोक बुजवतात. असं भोक नखाला लागलं की हेगड्यांचा चेहरा खुलायचा. शेतकरी समोर उभा असताना ते सगळ्या वखारीला ऐकू जाईल असं म्हणायचे, "रंगवलेली किडकी. टाका खालच्या ढिगात." त्या ढिगातला माल आल्या वाटेने परत जायचा, आणि माणूस मान खाली घालून त्याच्यामागून.

दाढेतून पहिली कळ आली ती एका बारशाला, तोडदेव म्हणजे गुळाचा पापुद्र्यासारखा गोड डोसा खाताना. हेगड्यांनी यजमानाच्या गुळाला नावं ठेवली. मग घरची ताकातली थंडगार तंबुळी झोंबायला लागली, तेव्हा बायकोचा उद्धार झाला. दोष दाढेचा असू शकतो हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. आपल्या मालकीची वस्तू किडते, हेच त्या माणसाला ठाऊक नव्हतं.

त्याच सुमाराला त्यांची पुतणी भार्गवी दातांची डॉक्टर होऊन आली. दवाखान्याच्या पूजेला हेगडे ऐटीत खुर्चीत जाऊन बसले.

"बघ, आणि पाहुण्यांना सांग, साठीतले दात कसे असतात ते."

भार्गवीने आरसा घालून पाहिलं. "दोड्डप्पा, उजव्या दाढेला भोक आहे. गोड, थंड झोंबतं आणि लगेच थांबतं ना? म्हणजे आतली नस अजून धड आहे. उद्या या, अर्ध्या तासात भरून देते. गरम लागून कळ टिकायला लागली किंवा आपसूक ठणकायला लागलं, की कीड नसेपर्यंत पोचली समजा. मग नस काढून वर टोपी बसवावी लागेल."

"पूजेचे तांदूळ अजून वाळले नाहीत, आणि हिला गिऱ्हाईक घरातच सापडलं," हेगडे पाहुण्यांकडे बघून म्हणाले. लोक हसले. अशा वेळी हसणारे लोक कुठेही मिळतात.

घरी आल्यावर मात्र त्यांनी दार लावून आरशात तोंड वासलं. भोक होतं. त्यांनी घट्ट चोगरूत लवंगेची पूड कालवली, गोळी केली आणि भोकात दाबून बसवली. सुकल्यावर दाढ गुळगुळीत, लालसर दिसायला लागली. वखारीत अशा मालाला ते काय म्हणत, हे त्यांना त्या वेळी आठवलं नाही. आठवलं असतं तरी त्यांनी ते दुसऱ्याच कुणाला ऐकवलं असतं.

पुढे गरम कषायाचा घोट घेतला की तास-तासभर कळ राहू लागली. मग काही न खाताही दाढ ठणकू लागली. हेगडे गाल धरून बसायचे आणि गोळी बदलायचे. तीन आठवड्यांनी एका सकाळी ठणका एकदम थांबला. ते मुद्दाम वाट वाकडी करून दवाखान्यात गेले.

"बरी झाली. तुझ्या टोपीवाचून."

"दोड्डप्पा, दुखायचं थांबलं म्हणजे आतली नस मेली," भार्गवी म्हणाली. "आता तर यायलाच हवं. मेलेली दाढ ठिसूळ होते, एक दिवस उभी फुटेल. निदान त्या बाजूने सुपारी तरी फोडू नका."

"सुपारी कशी फोडायची ते तू मला शिकवणार?"

तिने पुढच्या पेशंटला आत बोलावलं. आपण जिंकलो असं समजून हेगडे वखारीत आले.

जिंकले कसले! हिरडीवर पुटकुळी उठली, तोंडाला कायमची घाण चव आली, आणि ही चव त्यांना लोकांच्या सुपारीत लागायला लागली. महिन्याभरात किती जणांचा चांगला माल त्यांनी कुजका म्हणून परत पाठवला. आपल्या तोंडाची घाण लोकांच्या पोत्यात शोधणारा पारखी! त्याच्यापुढे हात जोडणाऱ्यांची कीव करावी तेवढी थोडी.

एका सोमवारी नरसिंह गौडा वर्षाचा सगळा माल घेऊन आला. हेगड्यांनी एक सुपारी फोडली आणि थुंकली. "कुजकी. खालच्या ढिगात."

गौडाचं तोंड पडलं. सुपारी निवडणाऱ्या बायकांची मुकादम होन्नम्मा तिथेच सूप घेऊन बसली होती. तिने त्याच पोत्यातली एक सुपारी आपल्या अडकित्त्याने कातरून तोंडात टाकली. "मला तर गोड लागतेय, हेगडेरे," ती अदबीने म्हणाली.

"तुला काय कळतंय, होन्ने? सूप हलव." तिला दाखवायलाच त्यांनी दुसरी उचलली, दाढेत धरली आणि जोर केला.

आवाज झाला, पण सुपारीचा नव्हे. हेगड्यांनी तळहातावर थुंकलं. सुपारी अख्खी होती. तिच्याशेजारी दाढेचा मोठा तुकडा पडला होता, बाहेरून लाल, चकचकीत, आतून काळा आणि पोकळ.

"हे काय?" गौडाने विचारलं.

होन्नम्माने तो तुकडा उचलला, नखाने खरवडला, उजेडात धरला. चाळीस वर्षं ती हेच काम करत होती. ती हसली नाही.

"रंगवलेली किडकी," ती म्हणाली आणि तो खालच्या ढिगात टाकला.

"मुळापर्यंत चिरली आहे," संध्याकाळी भार्गवी म्हणाली. "आता भरता येत नाही आणि टोपीही बसत नाही. काढावीच लागेल." हेगड्यांनी मान हलवली. पाहुणे नव्हते, त्यामुळे हसायलाही कुणी नव्हतं.

पुढच्या सोमवारी ते गाल सुजलेल्या अवस्थेत गादीवर येऊन बसले. गौडाचा माल तसाच पडून होता. हेगड्यांनी एक सुपारी उचलली, तोंडाकडे नेली आणि हात मध्येच थांबला. सगळी वखार बघत होती.

होन्नम्माने कमरेची पिशवी सोडली, आपला अडकित्ता काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि पुन्हा सूप हलवायला लागली.

हेगड्यांनी तो उचलला.